गोलाकडे पाठ करून उभ्या राहणाऱ्या इंगरवस्ताद

इंगरबाईंची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा मी गवतावर पालथा पडलो होतो आणि बॉल त्यांच्या पायात होता.

मी सागर, क्रूझवरच्या किचनमध्ये कुक आहे. आमचं जहाज रविवारी साउथहॅम्प्टनच्या धक्क्याला लागतं. जुने प्रवासी उतरतात, नवे चढतात आणि त्या मधल्या वेळेत आम्हाला थोडा वेळ बाहेर सोडतात. बाकीची पोरं दुकानांकडं पळतात. मी कोल्हापूरचा, पेठेत फुटबॉल खेळत वाढलेला, त्यामुळं बूट पिशवीत घालून मैदान शोधत फिरतो. त्या दिवशी कौन्सिलच्या मैदानाच्या बाजूनं चाललो होतो, तर चक्क मराठीत भांडण ऐकू आलं. ऑफसाइडवरून. मी रस्ता सोडला आणि आत शिरलो. ती आपल्या इथल्या मराठी मंडळाची रविवारची टीम होती. आपसातच दोन बाजू करून खेळत होते, एक माणूस कमी होता, मला घेतलं.

समोरच्या बाजूला मधल्या फळीत एक गोऱ्या बाई खेळत होत्या. केस पांढरे, एका गुडघ्याला पट्टा. मला वाटलं, कुणाची तरी शेजारीण असेल, हौसेनं आली असेल. त्यांच्याकडं बॉल आला तसा मी पेठेतल्या सवयीनं अंगावर गेलो. बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बॉल त्यांच्या पायाला लागला आणि नुसता वळला. मी मात्र सरळ गेलो तो गवतातच. उठून बसलो तर बाई हात पुढं करून उभ्या. इंग्रजीत म्हणाल्या, "तू कुठून येणार ते मला बॉल यायच्या आधीच दिसलं होतं."

"पण तुमची तर माझ्याकडं पाठ होती!"

"त्याच्या आधी नव्हती."

मला जो धक्का बसला तो तिथून सुरू झाला. आज बाईंना साठ वर्षं पूर्ण होताना हा लेख लिहितोय, तरी तो उतरलेला नाही. मंडळानं या गौरवग्रंथासाठी लेख मागितला त्याला बरेच दिवस झाले. मी नववीत शाळा सोडलेला माणूस, लिहायची सवय नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं की लिहायला बसलो की एक रविवार आठवतो आणि पेन खाली राहतो. ते का, ते पुढं येईलच.

बाईंचं आडनाव आपल्यापैकी कुणालाच नीट म्हणता येत नाही, म्हणून सगळे त्यांना नुसत्या नावानं, इंगर म्हणतात. मला ते जड जातं. आमच्याकडं तालमीत शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात, मग तो कुस्तीचा असो नाहीतर फुटबॉलचा. मी त्यांना वस्ताद म्हणतो. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, त्यांनी मान हलवली आणि तेव्हापासून त्या हाकेला ओ देतात; मैदानावर आता बाकीची पोरंही तीच हाक मारतात.

वस्ताद नॉर्वेच्या. समुद्र आत घुसलेल्या एका खाडीच्या काठी त्यांचं गाव. शाळेत असताना त्या गावातल्या पोरींबरोबर खेळल्या, शाळा सुटल्यावर मासळीच्या कारखान्यात कामाला लागल्या आणि कारखाना सुटल्यावर सरावाला. अंगात पुरुषांच्या टीमचे जुने शर्ट, गुडघ्यापर्यंत येणारे. तिथून त्या देशाच्या टीममध्ये गेल्या आणि कितीतरी वर्षं मधली फळी सांभाळत राहिल्या. पुढं इंग्लंडमध्ये खेळायला आल्या, तेव्हा इथंही बायकांना मैदान मिळायचं ते पुरुषांचं झाल्यावर, चिखल करून ठेवलेलं. गुडघा गेला तसं खेळणं थांबलं. मग साउथहॅम्प्टनच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका झाल्या. आपली टीम शेजारच्या मैदानावर भांडत असायची. वस्ताद एकदा मध्ये पडल्या त्या पडल्याच.

त्यांना रीतसर कोच करायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. मंडळाच्या हॉलमध्ये मीटिंग होती. आपले मिलिंदराव, जे मंडळाचे खजिनदार आणि टीमचे गोलकीपर, पुण्याचे आणि बँकेच्या आयटीतले, म्हणाले, "आपण कोच नेमतोय. थोडं रेकॉर्ड नको का बघायला?" मग वस्तादांकडं वळून अगदी अदबीनं विचारलं, "देशासाठी एकूण गोल किती केलेत आपण?"

"एकही नाही," वस्ताद म्हणाल्या.

आपला फॉरवर्ड अमेय, नागपूरचा, मराठीत पुटपुटला, "काय बे! इतक्या वर्षांत एक नाही? माझे ऑफिसच्या मॅचमध्येच चार आहेत."

मिलिंदरावांनी त्याला डोळ्यांनी दटावलं आणि खेळतानाचा एखादा फोटो मागितला. वस्तादांनी पिशवीतून एक जुना फोटो काढला. त्यांच्या टीमनं एक मोठी मॅच जिंकली होती, त्या गोलाचा. कोपऱ्यात सगळ्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, हसतायत, रडतायत.

"यात तुम्ही कोणत्या?"

वस्तादांनी फोटोच्या अगदी कडेला बोट ठेवलं. तिथं एक मुलगी एकटी उभी, अर्धी कापलेली, गोलाकडं पाठ करून. चेहरासुद्धा दिसत नव्हता.

"ही मी."

मिलिंदरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. घरी जाताना आपल्या बायकोला, सुनीतावहिनींना म्हणाले म्हणे, "कोच मिळालीय. स्वतःच्या विजयाच्या फोटोतही नाहीये." ही गोष्ट ते स्वतःच पुढं हसून सांगायचे.

खरं सांगायचं तर मीही हसलो होतो. आमच्याकडं गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतात, गुलाल त्याच्यावर पडतो. बाकीचे दहा जण त्याच्या मागनं नाचतात. एकही गोल न मारलेला माणूस वस्ताद होतो, हे मी पेठेत जाऊन सांगितलं असतं तर लोकांनी मला खुळ्यात काढलं असतं.

वस्तादांनी मग आम्हाला दोन गोष्टी लावल्या. पहिली अशी, की बॉल पायात यायच्या आधी खांद्यावरून मागं बघायचं. पळताना, उभं असताना, पाणी पितानासुद्धा. मला म्हणाल्या, तुमच्या भाषेत हे कसं ओरडायचं? मी सांगितलं, "मागं बघ!" त्या दिवसापासून मैदानभर तोच घोष. "मागं बघ, सागर! मागं बघ, अमेय!" अमेय कंटाळून म्हणायचा, "वस्ताद, गोल पुढं आहे ना!" त्या म्हणायच्या, "तो कुठं पळून जातोय?"

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. गोल झाला की मारणाऱ्यानं नाचायचं नाही. जिथून ती चाल सुरू झाली, त्या माणसापर्यंत परत चालत जायचं आणि त्याच्याशी हात मिळवायचा. मग तो बॅक असो, नाहीतर गोलकीपर. सुरुवातीला सगळे लाजायचे. अख्खं मैदान ओलांडून हात मिळवायला जायचं म्हणजे लग्नात व्याह्यांना भेटायला गेल्यासारखं. पण मिलिंदरावांना ही पद्धत फार आवडली. गोलकीपरकडं एरवी कोण येतंय? आपली टीम बॉल बहुतेक वेळा त्यांच्यापासूनच सुरू करायची. तिकडं गोल झाला की हे इकडं हातमोजा काढून हात पुढं धरून उभेच. "या, या," म्हणायचे, "चहा घेणार का?"

तिसरी एक गोष्ट सांगायची तर खेळायची बनियनं. टीमची बनियनं धुवायची पाळी सगळ्यांची. वस्तादांच्या काळात त्यांचे कपडे धुवायला कुणी नव्हतं, आमच्याही काळात नसणार, असं त्यांचं म्हणणं. मिलिंदरावांची पाळी आली तेव्हा सुनीतावहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इंगर, तुम्ही कोणता मंत्र घातलात? आमच्याकडे हा माणूस रुमाल धूत नाही हो." मिलिंदराव म्हणाले, "रुमालाला कोच नाही ना."

आता त्या रविवाराचं सांगतो. हवा स्वच्छ होती, ऊनही होतं, इथल्या मानानं नवलच. बायका कडेला पोह्यांचे डबे उघडून बसल्या होत्या. माझ्याकडं थोडाच वेळ होता, जहाज दुपारी सुटणार होतं. दुसऱ्या गावची टीम आली होती, त्यांच्यात माणसं जास्त आणि आमच्यात कमी, म्हणून वस्ताद स्वतः गुडघ्याचा पट्टा बांधून उतरल्या. मिलिंदराव सकाळपासून थोडे गप्प होते. छातीत जळजळतंय, रात्री मिसळ खाल्ली, एवढंच बोलले.

मिलिंदरावांनी बॉल फेकला तो वस्तादांकडं. वस्तादांनी मागं बघितलं, वळल्या, मला दिला. मी अमेयला. अमेयनं एकाला चकवलं आणि गोल! काय गोल होता तो. सगळे ओरडलो. समोरच्या टीमनंसुद्धा टाळ्या वाजवल्या. आणि अमेयनं पद्धतीप्रमाणं मिलिंदरावांकडं जायला तोंड वळवलं, तर वस्ताद त्याच्या आधीच तिकडं पळत निघालेल्या.

आम्ही हसलो. देवाशपथ, हसलो. अमेय ओरडला, "अरे, वस्ताद आधी चालल्या हात मिळवायला! माझा नंबर आहे बे!" कडेला बायकाही हसल्या. पट्टा बांधलेला तो गुडघा घेऊन वस्ताद ज्या वेगानं पळत होत्या, तो वेग हात मिळवायचा नव्हता. पण आम्हाला वाटलं, आनंद झाला असेल. एवढी वर्षं आम्हाला मागं बघायला शिकवलं आणि आम्ही सगळे अजून त्या जाळीतल्या बॉलकडंच बघत होतो.

मग त्यांनी हाक मारली. मराठीतच. "मागं बघ!"

मिलिंदराव गोलपोस्टच्या बुडाशी पडले होते. एका हातातला मोजा काढलेला होता.

माझं डोकं तिथं बंद पडलं. वस्तादांचं नाही. बॉल आला की त्या कधी दोन वेळा स्पर्श करत नाहीत, तसंच झालं. एकेकाकडं बोट दाखवत गेल्या. तू फोन लाव. तू चेंजिंग रूमच्या भिंतीवरची पेटी आण, तिच्यात हृदयाला झटका द्यायचं मशीन आहे, पेटी उघडायचा नंबर फोनवर सांगतील. तू गेटवर जा, ॲम्ब्युलन्सला वाट दाखव. तू मुलांना तिकडं ने. एक माणूस रिकामा ठेवला नाही आणि दोघांना एक काम दिलं नाही. मधली फळी म्हणजे काय, ते मला त्या वेळी कळलं. तोवर त्या गुडघ्यांवर बसून मिलिंदरावांची छाती दाबायला लागल्याही होत्या. स्वतःच्या, नॉर्वेच्या भाषेत मोजत होत्या, मोठ्यानं.

"सागर, समोर बस. मी दमले की तू."

त्या दमल्या तेव्हा मी दाबलं. मी दमलो तेव्हा त्यांनी. छाती अशी दाबावी लागते हे मला माहीत नव्हतं. माणूस मोडेल असं वाटतं. मी थांबलो तर त्या म्हणाल्या, "मोडलं तर जोडता येतं. दाब." सुनीतावहिनी शेजारी उभ्या, हातात पोह्यांची डिश तशीच. त्या एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "अहो, उठा ना. अहो, गोल झालाय."

मशीन आलं. मशीन बोलतं, सगळ्यांना लांब व्हायला सांगतं, मग झटका देतं. मिलिंदरावांचं अख्खं अंग उडालं. परत दाबलं. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी वस्तादांना बाजूला केलं तेव्हा त्यांचे हात हवेतही तसेच वरखाली होत होते. मिलिंदरावांना घेऊन ते गेले. जगलेत की नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं. सुनीतावहिनी त्यांच्याबरोबर गेल्या.

मैदानावर आम्ही पुतळ्यासारखे उभे. अमेय खाली बसून रडत होता, "मी हसलो रे, मी हसलो." वस्तादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग मिलिंदरावांचा मोजा उचलला, माती झटकली आणि खिशात घातला. आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुझं जहाज."

माझ्या ते ध्यानातच नव्हतं. त्यांनी मला गाडीत घातलं आणि धक्क्यावर सोडायला निघाल्या. मी विचारलं, "वस्ताद, तुम्हाला कसं दिसलं? बॉल तर तिकडं होता."

सिग्नलला थांबल्यावर म्हणाल्या, "बॉलकडं बघायला सगळे होते."

गेटवर उतरताना त्यांनी डब्यातलं केळं माझ्या हातात दिलं. "काही खाल्लं नाहीयेस." एवढंच. मागच्या हिवाळ्यातही मी ओल्या मोज्यांनी डेकवर फिरतो हे कळल्यावर याच गेटवर लोकरीचे मोजे देऊन गेल्या होत्या. कुणाला सांगितलं नाही, बोलून दाखवलं नाही.

जहाज सुटलं. समुद्रात फोन लागत नाही. मी कांदे चिरत होतो आणि माझे तळवे छाती दाबायच्या ठेक्यात हलत होते. शेफ म्हणाला, "काय झालंय तुला?" मी पुढचा कांदा घेतला. मिलिंदराव आहेत की गेले, हे कळायला पहिल्या बंदरापर्यंत थांबायचं होतं. आणि पहिलं बंदर नॉर्वेचंच होतं.

वस्ताद मला कधीपासून सांगत होत्या, तुझं जहाज जिथं लागतं तिथून बसनं थोडं आत माझं गाव आहे, मैदान बघून ये. मी नेहमी पुढच्या खेपेला जाऊ म्हणायचो. त्या दिवशी जहाजावर बसवेना. बस धरली.

मैदान बघून मी उभाच राहिलो. गवत नव्हतंच. खडी. बारीक, धारदार, करडी खडी. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला मैदान संपतं तिथून थेट खाडीचं पाणी. वस्तादांच्या गुडघ्यांवरचे वण मी पाहिले होते, आता ते कुठून आले ते कळलं. आमच्या मातीवर पडून मलाही तसलेच आहेत.

क्लबच्या खोलीत एक आजी कॉफी करत होत्या. मी मोडक्या इंग्रजीत वस्तादांचं नाव सांगितलं. आजींनी कप खाली ठेवला. त्या वस्तादांबरोबर खेळलेल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे बॉल एकच होता. मुलं मैदान सोडून गेली की आमची पाळी. बॉल पाण्यात गेला की खेळ संपला, होडी काढून आणेपर्यंत अंधार व्हायचा. म्हणून एकीनं सतत पाण्याच्या बाजूला लक्ष ठेवायचं. सगळ्यांना गोल मारायचा असायचा. पाण्याकडे इंगर बघायची."

"मग त्यांना वाईट वाटायचं नाही?"

आजी हसल्या. "ती होती म्हणून आम्ही खेळू शकलो, हे तिला आम्ही कधी सांगितलंच नाही. तू सांगशील?"

तिथल्या वायफायवर माझा फोन जोडला गेला आणि एकदम वाजायला लागला. मेसेजवर मेसेज. मला उघडायचं धाडस होईना. मी फोन आजींच्या हातात दिला, पण त्यांना मराठी कुठं येणार. शेवटी मीच उघडला. अमेयचा मेसेज होता: "शुद्धीवर आले बे. पहिलं काय विचारलं माहितीये? गोल धरला की ऑफसाइड दिला?"

मी त्या खडीवर जाऊन बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. आजींनी कॉफी बाहेर आणून दिली आणि काही विचारलं नाही. त्या गावाची ती पद्धतच असावी.

या गौरवग्रंथाचं मुखपृष्ठ ठरवताना काय झालं, ते अमेयनं मला फोनवर सांगितलं. कुणी म्हणालं, बाईंचा छान हसरा फोटो घेऊ. कुणी म्हणालं, तो जुना विजयाचा फोटो घेऊ, पण कडा कापून, म्हणजे गोल मारणाऱ्या पोरी मोठ्या दिसतील. मिलिंदराव अजून हळूहळू चालतात, बोलताना दम खातात. ते उठले आणि म्हणाले, "तो फोटो पूर्ण छापायचा. कडेला कात्री लावाल तर माझ्याशी गाठ आहे. त्या कडेमुळेच मी जिवंत आहे." मग खाली बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "आणि खाली गोल शून्य असं स्पष्ट लिहा. मोठ्या अक्षरात."

तसा तो फोटो तुमच्या हातात आहे, वाचकहो. कडेला उभी आहे ती मुलगी नीट बघा. पाठमोरी आहे.

वस्ताद, मला भाषण येत नाही, म्हणून तुमच्याच पद्धतीनं सांगतो. गोल झाला की चाल जिथून सुरू झाली तिथवर परत यायचं आणि हात मिळवायचा. हा ग्रंथ म्हणजे आम्ही सगळे मैदान ओलांडून तुमच्यापर्यंत आलो आहोत, एवढंच. उशिरा आलो. तुमच्या गावच्या त्या आजींचाही हात यात आहे, त्यांचा निरोप मी पोचवला असं समजा. तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो. गुडघा कुरकुरला तरी पळायला नको म्हणू नये. आमच्या पोरांच्या पोरांनाही तुमचा ओरडा खायला मिळो. आणि खांद्यावरून तुम्ही जेव्हा जेव्हा मागं बघाल, तेव्हा आम्ही सगळे तुम्हाला उभे दिसू दे, मिलिंदरावांसकट.